आमचं भांडण आणि योस्निएलची परीक्षा

योस्निएल पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या पांढऱ्या कोटाला इतकी कडक इस्त्री होती, की तो कोट एकटासुद्धा उभा राहिला असता. आतला मुलगा मात्र जरा कलला होता.

"शुभ सकाळ. घरात कुणाला ताप, खोकला, अंगावर पुरळ?"

माझी सासू नेरेइदा ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. तिने ताटातून मान वर न काढता माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं डोकं तापलेलं असतं. पण ते लग्न झाल्यापासूनच."

तो बिचारा खरंच लिहून घ्यायला लागला.

आमच्या मान्सानियोतच काय, सगळ्या क्यूबात डॉक्टर व्हायला निघालेली पोरं इस्पितळात नीट शिरण्याआधी लोकांच्या दारात उभी राहतात. तसा नियमच आहे. कोपऱ्यावर दवाखाना, त्याच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर इदालमिस राहतात, आणि रोज सकाळी त्यांची विद्यार्थी मंडळी गल्लीगल्लीत पांगतात. दार वाजवायचं, ताप-खोकला विचारायचा, पुढच्या दाराला जायचं. प्रत्येक दारात त्यांना कॉफी मिळते, आणि तिला नाही म्हणणं इथे शिवी दिल्यासारखं असतं. त्यामुळे ही पोरं दुपारपर्यंत इतकी थरथरत असतात, की त्यांचीच नाडी आधी बघावी.

योस्निएल डोंगरापलीकडच्या पिलोनचा. आई एकटी, आणि तिने अंगणात एक डुक्कर पाळलेलं. मुलगा डॉक्टर झाला की ते भाजायचं आणि सगळ्या गावाला जेवायला घालायचं, हे ठरलेलं. प्रत्येक फोनवर ती आधी डुकराची खुशाली सांगायची आणि मग हळूच विचारायची, "आणि तुझं कुठवर आलंय?"

त्याचं एका परीक्षेवर अडलं होतं. शेवटच्या वर्षात जायच्या आधी प्रत्येकाला एक कुटुंब घ्यावं लागतं. म्हणजे घरातला आजार नव्हे, घरच तपासायचं. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणावर रुसतं, शेवटचा शब्द कुणाचा. कित्येक महिने त्या घरी जात राहायचं, एकेकाला वेगळं बसवून प्रश्न विचारायचे, आणि मग निदान करायचं. परीक्षाही त्याच घरात, त्या माणसांच्या देखत. फक्त निदान काय लिहिलंय ते परीक्षेपर्यंत घरच्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर माणसं नाटक करतात, म्हणून हा नियम.

योस्निएलने आदल्या वर्षी एक कुटुंब घेतलं होतं. छान अभ्यास केला होता. परीक्षेच्या दिवशी तो प्राध्यापक ग्रासिएलांना घेऊन त्या घरी गेला, तर दाराला भलंमोठं कुलूप. कुटुंबच्या कुटुंब त्या आठवड्यात विमानाने देश सोडून गेलं होतं, याला एका शब्दाने न सांगता.

"इथे माणसं राहत होती, याला पुरावा काय?" ग्रासिएलाबाईंनी विचारलं म्हणे. याने खिडकीत वाळत राहिलेला एक मोजा दाखवला. नापास.

आता पुन्हा नापास झाला तर अख्खं वर्ष परत करायचं. आणि डुक्कर अजून एक वर्ष म्हातारं होणार.

"पण आम्हालाच का घेतलंस रे?" नेरेइदाने त्याला कॉफी देताना विचारलं. साधी, रेशनवर वाटाणे मिसळून मिळते ती कॉफी नाही. कपाटामागे दडवलेली, खरी.

"तुम्ही कुठे जाणार नाही ना?"

"आम्ही? अरे सोन्या, आम्हाला शेजारच्या बायामोची बस मिळत नाही. बस खाली, निवांत तपास आम्हाला."

मग तो तपासायला लागला. माझा नवरा रेइनिएर बर्फाच्या कारखान्यात आहे. त्याने सगळ्या प्रश्नांना "होय" म्हटलं, एकमेकांच्या उलट असलेल्या दोन प्रश्नांनासुद्धा. नेरेइदाने योस्निएललाच ठेंगण्या स्टुलावर बसवलं आणि जेवतोस का, आईला फोन करतोस का, पोरगी आहे का कुणी, असं विचारून घेतलं. तिच्या कागदावर तो काय लिहिणार? आणि मी मात्र खरं सांगितलं. ब्रूनो मांडीवर पीत होता, हात अडकलेले होते, पण तोंड मोकळं होतं.

ब्रूनो माझा दहा महिन्यांचा. त्याच्या पायाच्या अंगठ्याला एक बारीक वळी आहे. आंघोळ घालताना तिच्यात नेहमी थोडा साबण राहतो, आणि तो पुसताना तो असा खुदकन हसतो की मी मुद्दाम थोडा साबण ठेवते. आमच्या घरातली सगळी भांडणं या एवढ्याशा माणसावरून. नेरेइदा त्याच्या झबल्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा मणी टाचते, मी तो गिळेल म्हणून काढते. ती मलांग्याच्या, म्हणजे अळकुडीसारख्या कंदाच्या, लगद्यात साखर घालते, मी तो बाजूला सारते. आणि सगळ्यात मोठं भांडण आंघोळीचं. तिला टब अंगणातल्या उन्हात तापवून, त्यात तुळशीसारख्या वासाची पानं टाकून, गाणी म्हणत तासभर न्हाऊ घालायचं असतं. मला दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय तसं, पटकन. शेवटी एके दिवशी मी टब उचलून न्हाणीत नेला आणि आतून कडी लावली. तेव्हापासून आंघोळ माझी.

आवाज चढले की रेइनिएर काय करतो? डॉमिनोच्या सोंगट्यांचा डबा काखेत मारतो, "आलोच" म्हणतो, आणि कोपऱ्यावर जाऊन बसतो. त्याचं "आलोच" साधारण जेवणाच्या वेळेपर्यंत टिकतं.

हे सगळं योस्निएलने बघितलं. भांडण पेटलं की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा, आणि ब्रूनो रडायला लागला की त्याला उचलून खिडकीशी न्यायचा, समोरच्या तारेवरची कबुतरं दाखवायला. ब्रूनो माझ्या सख्ख्या बहिणीकडे जात नाही, पण याच्याकडे जायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारची सोराइदा कुंपणावरून वाकली. "ऐका गं. घर चांगलं दिसलं तर पोराला गुण चांगले. माझ्या आत्याकडे आले होते ना परीक्षक, तर तिने काकांना दाढीसुद्धा करायला लावली होती."

आम्हाला ते पटलं. पटणारच. आमच्या गल्लीत कुणी घरी येणार म्हटलं की आपण आपल्यासारखं दिसायचं नाही, हेच लहानपणापासून शिकवतात.

"उद्या एक शब्द नाही," नेरेइदा म्हणाली.

"एकही नाही."

"देवीची शपथ?"

"देवीची शपथ."

तिने तेवढ्यासाठी घरात जपून ठेवलेली साखर घालून पावाचं पुडिंग केलं. रेइनिएरने दाढी केली आणि डॉमिनोचा डबा पलंगाखाली ढकलला. आणि सकाळी मी ब्रूनोला झबलं घालायला घेतलं तर काळा मणी आधीच काढलेला. नेरेइदाने स्वतः. "डॉक्टर लोकांना आवडत नाही ते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि मणी रुमालात बांधून चोळीत ठेवला. मला क्षणभर वाटलं, तिला म्हणावं, राहू दे. पण शपथ घातलेली होती. आणि ती एकही शब्द नाही अशी होती.

ग्रासिएलाबाई आल्या तेव्हा वीज गेलेली होती, त्यामुळे पंखा बंद आणि आम्ही तिघं कोचावर घामाने चिकटलेले. बाई उंच, केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले. त्यांच्यामागे डॉक्टर इदालमिस, ओठ घट्ट मिटून. मदत करायची नाही, असा त्यांनाही नियम. सगळ्यांत मागे योस्निएल. त्याने आत पाऊल टाकलं आणि आमच्याकडे बघितलं.

मी आणि नेरेइदा हातात हात घालून बसलो होतो.

योस्निएलच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याने भुवया वर केल्या, खाली केल्या, डोळ्यांनी काहीतरी सांगायला बघितलं. पोरगा घाबरलाय, असं समजून आम्ही अजून गोड हसलो. नेरेइदाने तर माझं डोकं कुरवाळलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

तो वाचायला लागला, आणि प्रत्येक वाक्याला त्याचा आवाज बारीक होत गेला. "या कुटुंबात एकमेकांवर माया भरपूर आहे, पण कुटुंब अडचणीत आहे. आजी आणि आई यांचे बाळाच्या संगोपनावरून जवळजवळ रोज मोठ्या आवाजात वाद होतात. निर्णय चर्चेने होत नाहीत. जो आधी वस्तू उचलतो त्याचा निर्णय. वाद सुरू झाला की वडील डॉमिनो खेळायला निघून जातात..."

मी नेरेइदाचा हात सोडला. आम्ही आमच्या हातांनी त्याचा गळा आवळला होता.

ग्रासिएलाबाईंनी आमच्याकडे बघितलं, मग पुडिंगकडे, मग रेइनिएरच्या गुळगुळीत गालांकडे. "योस्निएल, हे कुठल्या घराचं वाचताय?"

"याच, बाई."

"मागच्या वेळी घर होतं, माणसं नव्हती. या वेळी माणसं आहेत, पण भलतीच. तुम्ही इथे खरंच येत होता, की खोलीवर बसून लिहिलंत?"

"येत होतो," तो पुटपुटला. तो असा मुलगा आहे की खरं बोलतानासुद्धा खोटं सापडल्यासारखा दिसतो.

मग मी बोलले. "बाई, आम्ही भांडतो. रोज भांडतो."

"हे काय बोलतेस?" नेरेइदा ताठ झाली. तिच्यासाठी पाहुण्यांसमोर असं काही कबूल करणं म्हणजे अंतर्वस्त्रं ओसरीत वाळत घालणं. "आमच्या घरात आवाज चढत नाही."

"चढतो."

"नाही चढत!"

"आत्ता चढला!"

"हा चढलेला नाही. हा माझा नेहमीचा!"

बाई थकल्यासारख्या हसल्या. "पोराला वाचवायला माणसं काहीही कबूल करतात. मला माहीत आहे, तुमचा जीव जडलाय त्याच्यावर. बसा."

मी तरी प्रयत्न सोडला नाही. उठले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही... तुम्ही काल माझा कंगवा घेतलात!" एवढं वाईट भांडण माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. नेरेइदाही आता समजली होती. तिने योस्निएलकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हो. घेतला. आणि... परत ठेवला." डॉक्टर इदालमिस छताकडे बघायला लागल्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ब्रूनोला उचकी लागली.

साधी नाही. अख्खं पोर कोचावर उडेल अशी. मी वळून बघते तर त्याच्या हनुवटीवर पिवळं, चिकट काहीतरी.

"याला पुडिंग कुणी दिलं?"

"चमचाभरच," नेरेइदा म्हणाली. "तोंड उघडून बसला होता गरीब."

"साखरेचं? मी हजार वेळा सांगितलंय!"

"आणि मी माझी तिन्ही लेकरं साखरेवर वाढवली. एकाचा तरी दात पडला का? रेइनिएर, दाखव दात!"

रेइनिएरने मुकाट्याने दात दाखवले.

नेरेइदाने तोवर आपल्या जुन्या एप्रनच्या कडेचा लाल दोरा तोडला, जिभेवर ओला केला आणि ब्रूनोच्या कपाळावर चिकटवला. उचकी थांबायला आमच्याकडे असंच करतात. मी तो उपटला.

"थुंकी लावताय माझ्या मुलाला! डॉक्टरांच्या समोर!"

"तुझा मुलगा! तुझा मुलगा! पुडिंग खाताना माझाच होता!"

"न विचारता द्यायचं असेल तर..."

"विचारू? तुला? तू तर न्हाणीला कडी लावतेस!" तिचा आवाज फाटला. "मी रोज पाणी उन्हात ठेवते, माइलीन. रोज. त्याची आंघोळीची वेळ झाली की वाटतं, आज हाक मारशील. मग संध्याकाळी ते सगळं पुदिन्याला घालते."

तो पुदिना. कुंपणावर चढून सोराइदाच्या अंगणात गेलेला, सगळी गल्ली नेत असलेला पुदिना. मी कितीदा म्हटलं होतं, यंदा बघा कसा माजलाय.

पण मीही थांबणारी नव्हते. गळ्यात अडकलेलं एकदा बाहेर पडायला लागलं की ते उगाच सभ्य होत नाही. "आणि मला कुणी विचारलं? मी शेवटची एकटी कधी बसले? न्हाणीत गेले तर दारावर थाप, 'साबण कुठाय?' कडी त्याला आंघोळ घालायला नाही लावत मी. कडी लावता यावी म्हणून आंघोळ घालते!"

हे मला स्वतःला ते तोंडातून निघेपर्यंत माहीत नव्हतं.

खोलीत फक्त ब्रूनोची उचकी आणि मग त्याचं रडणं. आणि त्या दोन्हींच्या खालून एक ओळखीचा खळखळाट.

रेइनिएर पलंगाखालून डबा ओढत होता. तो उठला, डबा काखेत मारला आणि दारातून निघताना सवयीने म्हणाला, "आलोच."

ग्रासिएलाबाईंची मान त्याच्यामागे दारापर्यंत वळली, तिथून योस्निएलच्या कागदावर आली, आणि परत दाराकडे गेली.

योस्निएल मात्र तिथे नव्हताच. म्हणजे परीक्षा देणारा योस्निएल. त्याने कागद खुर्चीवर टाकून ब्रूनोला उचललं होतं आणि खिडकीशी नेलं होतं. "बघ, बघ, ते काळं आलं का आज? ते आळशी?" तो कबुतराबद्दल बोलत होता. ब्रूनोने त्याच्या कडक कोटावर पुडिंगचा गाल पुसला आणि गप्प झाला. उचकीही थांबली.

मग बाई बोलल्या. "निदान पुरेसं दिसलं. इलाज काय?"

योस्निएल दचकला, पण बाळ खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. तसाच, ब्रूनोला झुलवत बोलायला लागला, आणि गंमत म्हणजे तसा तो अजिबात अडखळला नाही. "आंघोळ आजीला द्यावी. उन्हातलं पाणी, पानं, गाणी, सगळं तिच्या मनाप्रमाणे. तेवढा वेळ आईचा. तिने तो कसाही घालवावा, आणि कुणी, साबण सापडत नसला तरी, तिला हाक मारू नये. साखरेबाबत मात्र आईचं म्हणणं बरोबर आहे." नेरेइदाने नाक मुरडलं. "आणि वडिलांनी डॉमिनो खेळायला जरूर जावं."

"जावं?" बाईंनी विचारलं.

"हो. बाळाला घेऊन."

डॉक्टर इदालमिसना जोरात खोकला आला. इतका, की कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन विचारायला हवं होतं.

बाईंनी लिहिलं, टोपण लावलं. "उत्तीर्ण. पूर्ण गुण नाहीत."

"का नाहीत?" ही नेरेइदा. शपथ केव्हाच मोडली होती, आता तिला कुणाचं भय नव्हतं. "इतकं खरं भांडण करून दाखवलं तुम्हाला!"

"भांडण उत्तमच होतं. पण नियम असा आहे, बाई, की विद्यार्थ्याने बाहेरून बघायचं. कुटुंबाबाहेर राहायचं." त्यांनी योस्निएलच्या खांद्यावर झोपी जायला निघालेल्या ब्रूनोकडे पेन रोखलं. "हे बाहेर नाही."

"मग चूक कुणाची? त्याची, की पोराची?"

"तुमच्या कॉफीची," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र त्यांनी पुडिंग खाल्लं. उभ्याउभ्याच, दोन तुकडे.

जाताना दारात त्या थांबल्या. जमिनीवर पडलेला लाल दोरा त्यांनी वाकून उचलला, नेरेइदाच्या तळहातावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कपाळाच्या मधोमध लावायचा असतो. तुम्ही डाव्या बाजूला लावलात. माझी आई असती तर तुम्हाला नापास केलं असतं." इदालमिसना तेवढ्यात पायातली चप्पल नीट करायची होती, त्यांनी काही ऐकलं नाही.

योस्निएलने आमच्या ओसरीतूनच पिलोनला फोन लावला. आई इतकी ओरडली, की ते आम्हालाही ऐकू आलं. त्यामागे डुकराचंही काहीतरी म्हणणं होतं. ते बिचारं शेवटच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुरक्षित आहे, आणि आम्हा सगळ्यांना तेव्हाचं आमंत्रण आहे. पिलोनच्या उन्हात ब्रूनोला कुठली टोपी घालायची, यावरून आमचं आत्तापासूनच बिनसलंय.

काळा मणी मी परत टाचलाय. उंच, मानेच्या मागे, जिथे त्याचं तोंड पोचत नाही. नेरेइदा म्हणाली, मागे असेल तर समोरून येणाऱ्या नजरेचं काय? पण तिने तो काढला नाही. रेइनिएर संध्याकाळी एका काखेत डबा आणि एका काखेत ब्रूनो घेऊन जातो, आणि हल्ली त्याचं "आलोच" खरंच लवकर संपतं, कारण ब्रूनो सोंगट्या खातो.

आणि दुपारी, टबातलं पाणी कोमट झालं, की मी मागच्या पायरीवर जाऊन बसते. काही करत नाही कधीकधी. पाय पसरते. अंगणातून पाण्याचा आवाज येतो, नेरेइदाचं ते बेसूर गाणं येतं, आणि मग ते खुदकन हसू. म्हणजे तीसुद्धा अंगठ्याच्या वळीत थोडा साबण ठेवते तर.

पुदिना मात्र सुकत चाललाय.

"माइलीन! ए माइलीन! टॉवेल कुठे ठेवलास गं?"

मी उत्तर देत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.